चार दिवसांचं कढण

“माह्या हातचं जो जेवला, त्याले म्या कधी फसोलं नाही,” असं शालिग्राम गावंडे एकदा म्हणाला होता.

कारंज्यातल्या एका जैन लग्नाची पंगत होती. वराकडचे एक पाहुणे भाजीचा घास बोटांत धरून अडून बसले होते. त्यांचं म्हणणं, हा बटाटा आहे. जमिनीखाली वाढलेलं काही ज्या घरांत शिजत नाही, कांदा नाही, लसूण नाही, तिथे बटाटा म्हणजे साधी गोष्ट नव्हती. पंगत थांबली. शालिग्राम भट्टीवरून उठला, कच्च्या केळ्यांच्या सालांनी भरलेलं घमेलं उचलून आणलं, पाहुण्यांच्या ताटासमोर ठेवलं आणि ते वाक्य बोलला. पाहुणे खजील होऊन हसले. त्यांनी भाजी पुन्हा मागून घेतली. त्याची बायको भागिरथा पलीकडे पुऱ्या लाटत होती. तिला त्या दिवशी नवऱ्याचा अभिमान वाटला होता. पुढे तिला त्या वाक्याची भीती वाटू लागली.

शालिग्राम मूळचा किन्हीराजाचा. घरी तीन भाऊ आणि जमीन बेताची, म्हणून एकोणिसाव्या वर्षी शेलूबाजारला एसटी बदलून तो कारंज्याला आला आणि पुतळाबाई भोऱ्यांच्या स्वयंपाकघरात कामाला राहिला. पुतळाबाई तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या, विधवा, जिभेनं कडक. हिंग कधी टाकायचा, धान्य निवडताना जिवंत काही दिसलं तर ते उचलून झाडाच्या मुळाशी कसं ठेवायचं, दिवस बुडायच्या आत भांडी कशी पालथी घालायची, हे त्यांनी त्याला शिकवलं. तो घाई करू लागला की म्हणायच्या, “जिऱ्याले तडतडू दे रे, तू काहून तडतडतं?” आधी तो त्यांचा नोकर होता, मग त्यांचा आचारी झाला. त्यानंतर जे झालं त्याला दोघांनीही नाव दिलं नाही. त्याच्या लग्नात मात्र पुतळाबाई वरमाईच्या शेजारी बसल्या होत्या.

जहाज त्याच्या आयुष्यात आलं ते हरीओममुळे. हरीओमचं बसस्थानकासमोर यात्रांचं दुकान होतं. आधी तो शिखरजीच्या गाड्या न्यायचा, मग दुबई, मग क्रूझ. पैसेवाल्या घरांना समुद्र बघायचा होता, पण जेवणाची धास्ती होती. तेव्हा हरीओमनं आपला आचारी बरोबर न्यायला सुरुवात केली. कापूस आणि तुरीच्या या मुलखातला, विहिरीपलीकडे पाणी न पाहिलेला माणूस बेचाळिसाव्या वर्षी बारा मजली जहाजावर चढला. भटारखान्याचा एक कोपरा त्याला मिळायचा आणि तो आधी घासून, धुऊन, हळदीचं बोट लावून तो कोपरा कारंज्याचा करून टाकायचा.

जहाजावर त्याच्याकडे आणखी एक काम होतं. जहाज पुढे सरकतं तशी सूर्य मावळायची वेळ रोज बदलते, घड्याळंही मागेपुढे करतात. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांनी कुणावर विश्वास ठेवायचा? ते शालिग्रामवर ठेवत. तो रोज वरच्या डेकवर उभा राहून पाण्यावरचा तो तांबडा गोळा किती उरला ते बघायचा आणि खाली येऊन म्हणायचा, “दोन बोटं हाय. आटपा बाप्पा.” घरी आल्यावर भागिरथा त्याची थट्टा करायची. “सूर्याचे मुनीम आले वाटते!” तो हसायचा. अशा सहा सफरी झाल्या. त्या सहा वर्षांत तो सरळ चालायला लागला होता, असं तिला वाटायचं.

सातवी सफर मार्च २०२०ची. एक्केचाळीस माणसं, त्यांत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या पुतळाबाई. मुलानं आग्रह केला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “शालिग्राम येते का? येत असंल तं येतो.” सात दिवसांची सफर होती. पाचव्या दिवशी जहाजावर कुणी तरी खोकलं. मग एका बंदरानं जहाजाला नाकारलं, मग दुसऱ्यानं. लोकांना आपापल्या खोल्यांत बंद केलं गेलं. किनाऱ्यावरचे दिवे दिसायचे आणि तिथे जाता यायचं नाही. ज्या समुद्रासाठी एवढा खर्च केला, तो आता खिडकीत भिंतीसारखा उभा होता.

बरोबर नेलेले डाळ-तांदूळ दहाव्या दिवशी संपले. जहाजाकडे आता मांस, अंड्याचा पाव आणि बटाट्याची पोती एवढंच उरलं होतं. एकेका दारातून दबका आवाज येऊ लागला, “टाक रे बाबा बटाटा, आल्या वेळेला देव समजून घेईल.” चाळीस जणांनी बटाटा खाल्ला. पुतळाबाईंनी नाही. दोन दिवस त्या पाणी आणि मनुकांवर राहिल्या. तिसऱ्या दिवशी शालिग्रामनं दार वाजवलं तर त्यांना उठता येईना.

त्याच्याकडे दोन मुठी मूग उरले होते. बंदर कधी मिळेल ते कुणाला माहीत नव्हतं, आणि दोन मुठी मूग दोन दिवसही पुरले नसते. त्यानं मूग भाजून भरडले, बटाटे उकडून फडक्यातून गाळले, भरपूर जिरं-मिरं घालून दोन्ही एकत्र शिजवलं. ते पातळ पिवळं कढण घेऊन तो दारात उभा राहिला. तोंडावर मास्क होता, त्यामुळे बाईंना त्याचे फक्त डोळे दिसत होते.

“शालिग्राम, यात काही नाही नं?”

“नाही बाई. फक्त मूग हाय.”

रोज तेच कढण गेलं. चौथ्या दिवशी एका बंदरानं जहाज घेतलं. पुतळाबाई आपल्या पायांनी उतरल्या.

परत आल्यावर कारंज्यात पुतळाबाईंनी ही गोष्ट शंभरदा सांगितली. आधी फोनवर, मग ओट्यावर, मग मंदिर उघडल्यावर मंदिरात. भर समुद्रात, जग बुडत असताना, शालिग्रामनं माझा नेम राखला. ज्यांनी जहाजावर बटाटा खाल्ला होता ते मान खाली घालून ऐकायचे. रस्त्यात अनोळखी माणसं शालिग्रामला हात जोडू लागली. कुणी हात जोडले की तो गल्ली बदलायचा.

भागिरथाला खरं कळलं ते वैशाखातल्या एका दुपारी. तिनं त्याला बटाटे चिरायला दिले आणि तो विळीसमोर नुसता बसून राहिला.

“काय झालं ओ वैष्णवीचे बाबा? चिरता का नाही?”

त्यानं सगळं सांगितलं. तिला आधी सुटल्यासारखं वाटलं. तिला वाटलं होतं, त्या जहाजावर त्याच्या हातून कुणी मेलं की काय.

“आलूच तं चारला,” ती म्हणाली. “जहर तं नाही नं चारलं? जीव वाचोला तुमी त्याहिचा.”

“मले मालूम हाय.”

“मंग?”

“त्यायनं विचारलं होतं वं,” तो म्हणाला. “न विचारता खाल्लं असतं तं गोष्ट येगळी होती.”

भागिरथानं विळी स्वतःकडे ओढली. त्यानंतर त्या घरात या विषयावर फारसं बोलणं झालं नाही. पण तो डेकवर उभा राहायचा तसा संध्याकाळी दारात उभा राहायचा. सूर्य नळाच्या टाकीमागे जायचा आणि आत येऊन कुणाला काही सांगायचं नसायचं.

जहाजं बंद होती. हरीओम दर दोन महिन्यांनी फोन करायचा. दिवाळीत सुटते म्हणाला, सुटलं नाही. फेब्रुवारीत सुटते म्हणाला, तेव्हा दुसरी लाट आली आणि हरीओमचे वडील त्यात गेले. मग बातमी आली की त्यांचं ते बारा मजली जहाज एका किनाऱ्यावर मोडीत काढायला ओढून नेलं. शालिग्रामनं मोबाइलवर त्याचा फोटो पाहिला. मोठं जनावर चिखलात तोंड खुपसून पडावं तसं ते पडलं होतं. त्यानं बोटानं फोटो मोठा केला. भटारखान्याची खिडकी कुठली असेल ते तो शोधत होता.

बाकी वेळ तो मिळेल ते करायचा. पन्नास माणसांची लग्नं, तेरवीचे स्वयंपाक. आचाऱ्याचे हात रिकामे राहिले की ते म्हातारे दिसू लागतात. भागिरथा रोज ते हात बघत होती. त्याला पुन्हा जहाज मिळावं, एवढंच तिला हवं होतं. त्यानं पुन्हा घमेलं उचलून ताठ मानेनं कुणासमोर ठेवावं. तिला वाटायचं, पाण्यावर गेला की हा माणूस बरा होईल.

मार्च २०२२मध्ये हरीओम घरी आला. दोन वर्षांत त्याचे केस पांढरे झाले होते.

“शालिग्रामभाऊ, नवं जहाज हाय. पण लोक भेऊन राह्यले. कोणी नाव नाही देत. कंपनी म्हणते, पस्तीस माणसं नाही भरले तं विदर्भाचा ग्रुपच बंद, अन् आचारीबी बंद.”

“मंग?”

“मंग काय, रविवारी सभा ठेवली मंडळाच्या हॉलमधी. पुतळाकाकू येतात म्हणल्या. काकू आल्या तं सारे येतात. तुमी फक्त उठून सांगाचं, तवा कसं राखलं ते. दोन मिनिटं. तुमाले पाहूनच लोक नावं देतीन बाप्पा.”

चहा झाल्यावर शालिग्रामनं हरीओमला दारापर्यंत सोडलं, एवढंच.

रविवारी सकाळी भागिरथानं त्याचा पांढरा शर्ट इस्त्री केला. “दोन वाक्यं होय,” ती म्हणाली. “‘मूग दिले’ म्हणजा अन् बसजा. एकदा बोलले तं हायच नं.”

“तवा जीव होता समोर,” तो म्हणाला. “आता तिकीट हाय.”

“मंग खरं सांगा.”

“खरं सांगतलं तं बाई अन्न सोडतीन. ऐंशी वर्षांच्या हायेत त्या.”

ती इस्त्री फिरवत राहिली. कॉलर दोनदा झाली तरी तिच्या लक्षात आलं नाही. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, “माह्यासाठी बोला. दोन वरसं झाले तुमाले पाहून राह्यली मी.” त्यानं शर्ट घेतला आणि तिच्यासमोरच अंगात घातला. ते होकारासारखं दिसलं आणि तिनं तो होकारच धरला.

सभा चारला होती, म्हणजे सगळ्यांना उजेडात घरी जाऊन जेवता येईल. हॉल भरला होता. खुर्च्या सोडून सोडून मांडलेल्या, निम्मे मास्क हनुवटीवर. भागिरथा मागच्या रांगेत बसली. हरीओमनं पडद्यावर नवं जहाज दाखवलं; त्यावर दवाखाना आहे, हवा गाळायचं यंत्र आहे, परत यायची हमी आहे. “पुन्हा लाट आली तं?” पुढून कुणी तरी विचारलं. “समुद्रात अडकलो तं हमी घेऊन चाटाची का?” लोक हसले. हरीओमही हसला आणि त्यानं रुमालानं मान पुसली.

मग पुतळाबाई उठल्या. नात संस्कृतीनं त्यांना हात दिला. ती पुण्याला शिकणारी, हुशार मुलगी. एका हातात आजी आणि दुसऱ्या हातात मोबाइल, सगळं रेकॉर्ड करत होती.

“माणूस कुठंबी अडकते,” पुतळाबाई म्हणाल्या. “घरी नाही अडकलो का आपण? दोन वरसं? पण मी अडकली तवा माह्याजवळ हा होता.” त्यांनी बोट केलं. सगळे वळले. “शालिग्राम, इकडं ये रे.”

तो पुढे गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भागिरथाला वाटलं, तो आज पुन्हा सरळ चालतो आहे. तिनं तळहात पदराला पुसले.

हरीओमनं माइक त्याच्या हातात दिला. संस्कृती मोबाइल धरून अगदी जवळ आली. तिच्या मनात काही नव्हतं. तिला फक्त गोष्ट नीट रेकॉर्ड करायची होती.

“काका, बाकीचे सांगतात, तेव्हा डाळ संपली होती. सगळ्यांनी बटाटा खाल्ला. मग आजीला चार दिवस काय दिलंत तुम्ही?”

हॉलमध्ये पंखे फिरत होते. ज्यांनी बटाटा खाल्ला होता तेही आता वर मान करून ऐकत होते.

“मूग, दुसरं काय!” पुतळाबाई म्हणाल्या. “सांग तिले. कढण होतं. असं पातळ, पण काय चव होती बाई. तसं मले पुन्हा करताच नाही आलं. सांग शालिग्राम, काय टाकलं होतं तू त्यात?”

भागिरथा खुर्चीच्या कडेवर आली होती. मूग, ती मनात म्हणत होती. मूग म्हणा. मूग, जिरं आणि मिरं. दोन वाक्यं.

शालिग्रामनं माइक तोंडाजवळ नेला. त्याच्या श्वासाचा आवाज भिंतींवरच्या दोन्ही भोंग्यांतून आला, मोठा, खरखरीत, एखाद्या आजाऱ्यासारखा. तो पुतळाबाईंकडे बघत होता. त्या त्याच्याकडे बघत होत्या. ऐंशी वर्षांच्या, कोरड्या, निश्चिंत डोळ्यांनी, ज्या डोळ्यांनी त्यांनी आयुष्यभर त्याच्या हातचं ताट न तपासता पुढे ओढलं होतं. त्याचे ओठ हलले. भागिरथाला पहिलं अक्षर दिसलं. ते ‘म’चं होतं, तिला खात्री होती; ओठ मिटले होते. ते पुन्हा उघडलेच नाहीत.

“बोला भाऊ,” हरीओम खालच्या आवाजात म्हणाला. त्याच्या आवाजात आता विनवणी होती.

शालिग्रामनं माइक टेबलावर आडवा ठेवला. तो वाकला आणि त्यानं पुतळाबाईंच्या पायांना हात लावला. त्यांना वाटलं तो लाजला; त्या हसल्या आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो उठला. मधल्या वाटेनं, खुर्च्यांच्या दोन रांगांतून चालत मागे आला. भागिरथाच्या खुर्चीपाशी आला तेव्हा तिनं हात पुढे केला, पण त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. दाराशी चपलांचा ढीग होता. त्यानं आपल्या शोधून पायांत घातल्या आणि तो बाहेरच्या उन्हात निघून गेला.