सवतीचं औक्षण

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकच लफडं केलं, आणि तेही विमानाशी.

हसू नका. बाईशी केलं असतं तर परवडलं असतं. बाईच्या झिंज्या धरता येतात, तिच्या दारात जाऊन चार शब्द सुनावता येतात, फारच झालं तर तिच्या माहेरी निरोप धाडता येतो. विमानाच्या झिंज्या कुठून आणू?

बांगलादेशच्या लढाईनंतरची गोष्ट. आमचे हे बालाघाटला कचेरीत बाबू. माणूस इतका सरळ, की रस्त्यात गाय आली तर तिलाही "माफ करा" म्हणून बाजूला होणार. एका संध्याकाळी वैनगंगेच्या पुलाकडून सायकलवर येऊन राह्यले होते, आणि डोक्यावरून एक लढाऊ विमान गेलं. यांनी मान वर केली. मान वर, सायकल खाली, आणि हे रस्त्याकडेच्या धानाच्या बांधीत! घरी आले तेव्हा दोन्ही गुडघे सोललेले, चष्म्याची एक काडी गायब, आणि तोंडावर हसू कसं, तर नव्या नवरदेवाचं.

मी गुडघ्यात हळद दाबून राह्यली होती, आणि हे म्हणतात, "कमल, काय नाक होतं वं! एकदम सरळ! आन् कंबर? अशी बारीक!"

माझा हात थांबला. "कोणाची?"

"विमानाची!"

जीव भांड्यात पडला. (पडायला नको होता. तिथंच मी चुकली.) लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या नाकाबद्दल हा माणूस एकदाच बोलला होता, तेही मला सर्दी झाली होती म्हणून!

पुढच्या रविवारी गोंदियाहून पाण्याच्या रंगांची पेटी आली. जाड कागद आला. खारीच्या केसांचे म्हणे, असे ब्रश आले. पेपरातलं विमानाचं कात्रण भिंतीला लागलं आणि हे त्याच्यासमोर मांडी घालून बसले, ते जेवायलाच उठले. मी म्हटलं, चार दिवसांचं खूळ आहे. गेल्या वर्षी बासरी आणली होती, ती आता चूल फुंकायला कामी येते. पण बासरीत आणि ह्यात फरक होता. बासरी यांना येत नव्हती. विमान यायला लागलं!

आणि मंग घरातली एकेक वस्तू विमानाकडे जायला लागली. माझी परात गेली, कागद भिजवायला. जेवायचा पाट गेला, कागद ताणून बसवायला. चिंचेच्या बरण्या गेल्या, ब्रश धुवायला. मी काही बोलली की उत्तर तयार, "थांब वं जरा, पोट वाळून राह्यलं!"

"तुमचं?"

"विमानाचं!"

आमच्या घरात मच्छरदाणी एकच. आणि बालाघाटचा मच्छर म्हणजे चावत नाही, जेवायलाच बसतो. एके दिवशी पाहते तर मच्छरदाणीच्या मधात, पाटावर, विमान! "पाल फिरते ना रंगावरून," हे म्हणतात, "ओला आहे अजून." म्हणजे विमान आत, आणि लग्नाची बायको बाहेर पदर हलवत! हिवताप मला आला. विमान ठणठणीत.

पण कहर झाला तो करंड्याचा. शेजारच्या शुक्लाइन भाभी दुपारी बसायला आल्या होत्या. जाताना मी त्यांना कुंकू लावायला करंडा घेतला, बोलता बोलता बोट बुडवलं, आणि त्यांच्या कपाळावर टेकवलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकदम ओरडल्या, "माय वं! हे काय केलं?" पाहते तर शुक्लाइन भाभीच्या भरल्या कपाळावर राखाडी ठिपका! यांनी माझ्या करंड्यात विमानाच्या पोटाचा रंग कालवून ठेवला होता! शुक्लाइन भाभी पांढऱ्या पडल्या. "हाय राम, मेरे सुहाग पे राख!" त्यांना पाणी पाजलं, गूळ दिला, तीनदा कुंकू लावलं. आणि एवढा गोंधळ ऐकून हे बाहेर आले, तर भाभीच्या कपाळाकडे निरखून म्हणतात, "रंग बरोबर जमला की!"

आता तुम्हाला वाटेल, शुक्लाइन भाभी भडकल्या असतील. कसच्या! त्या आत जाऊन चित्र पाहून आल्या आणि गालावर हात ठेवून म्हणाल्या, "भाईसाहब के हाथ में तो जादू है! और भाभी, आप क्या बनाती हैं?"

"भात," मी म्हटलं.

तरीही मी गप्प होती. कारण मला भिंत पाहिजे होती. बैठकीतली, दारासमोरची भिंत.

सांगते. वारासिवनीला माझी धाकटी बहीण आहे, लता. तिच्या बैठकीत लग्नाचा फोटो लावलेला, काचेच्या फ्रेममध्ये, दाराच्या बरोबर समोर. पाहुण्याने चप्पल काढायच्या आधी त्याला लताचं तोंड दिसते. आणि माझा फोटो? लग्न झाल्यापासून लोखंडी पेटीत, जुन्या लुगड्यात गुंडाळून! मी लताकडे गेली की त्या फोटोकडे पाठ करून बसायची. पाण्याचा पेला द्यायच्या आधी ती विचारायची, "ताई, लावला का वं फोटो?" वरून दात काढायची.

तर त्या वर्षी घट बसायच्या आधी यांनी सुताराकडून सागवानी फ्रेम करून आणली. चकचकीत, कोपऱ्यावर वेलबुट्टी. मी हातातलं पीठ तसंच टाकून पेटी उघडली, फोटो काढला, पदराने पुसला, आणि बैठकीत आली. भिंतीवर फ्रेम लागलेली होती. फ्रेममध्ये विमान होतं.

"अवो, हे काय?"

"कशी दिसते?" यांचा चेहरा असा फुललेला!

"आन् फोटो?"

हे गांगरले. फोटोकडे पाहिलं, फ्रेमकडे पाहिलं. "फोटो लहान पडते वं याच्यात. चारही बाजूनं भिंत दिसन."

दिसणारच! माप विमानाचं घेतलं होतं! मी फोटो परत पेटीत टाकला आणि झाकण असं आपटलं, की आत्याबाईंनी आतून विचारलं, "काय पडलं वं?" मी म्हटलं, "माहं नशीब!" दसऱ्याला सोनं द्यायला लता येणार होती. चप्पल काढायच्या आधी तिला काय दिसणार होतं, तर विमान. त्या दिवशी मी वरणात फोडणी घातली नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही!

खंडेनवमी उजाडली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. आत्याबाईंनी मांडामांड केली. विळा, कुऱ्हाड, भाजी चिरायची पावशी, अडकित्ता, यांचा लिहायचा टाक, आणि बाजूला सायकल. मग कमरेवर हात ठेवून सगळीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आन् विमान?"

हे हसले. "आई, थे चित्र आहे."

"देवाचंही चित्रच असते. त्याले नाही पुजत का?"

"पण..."

"दुश्मनावर बाँब टाकते म्हंतो ना तू? मंग हत्यारच झालं. आण खाली!"

आईपुढे यांचं कधी चाललं? फ्रेम खाली आली. हे म्हणाले, "बरं, काचेवरूनच लावा कुंकू."

आत्याबाईंनी असं काही पाहिलं! "तलवारीले म्यानावरून कुंकू लावतात का रे? काढ बाहेर!"

मागचे खिळे निघाले, काच निघाली, आणि उघडं विमान पाटावर, कुऱ्हाडीच्या शेजारी, थाटात बसलं. आत्याबाई मला म्हणाल्या, "कमल, ताट घे. औक्षण कर."

"मी?"

"मंग कोण? घरची सवाशीण तूच ना!"

सांगा बापा! ज्या सवतीनं माझी परात नेली, माझी मच्छरदाणी नेली, माझी भिंत नेली, माझा नवरा नेला, तिलाच मी ओवाळायचं! आणि तेही दसऱ्याच्या नव्या लुगड्यात! मी दात आवळून डोळे मिटले. आत्याबाईंना वाटलं भक्ती.

मी कुंकवात अंगठा बुडवला.

"नाकाले नको!" हे दोन्ही हात पुढे करून ओरडले. "कमल, नाकाले नको वं! शेपटीले लाव!"

नाकालेच लावलं. चांगलं रुपयाएवढं. सरळ नाक ना? घे! पोटावर हळद दिली. वरून अक्षता टाकल्या, म्हणजे मारल्याच. हे प्रत्येक अक्षतेला "अरे, अरे" करत होते.

"आता पाणी शिंपड," आत्याबाई म्हणाल्या.

आंब्याच्या पानाने दोन थेंब शिंपडायचे असतात, हे काय मला माहीत नाही? पण दोन थेंबांत माझं काय भागणार होतं! मी ताट आत्याबाईंकडे दिलं, गडू उचलला आणि अंगणात सडा टाकतात तसं टाकलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आत्याबाईंनीच हात धरला, "अवं, पूजा आहे का धुणं?"

पाण्याचे रंग ते! पाणी दिसल्यावर थांबतात का? चित्रातलं आभाळ निघालं. निळा ओघळ विमानावरून खाली आला, पाटावरून विळ्याकडे गेला, विळ्याकडून अडकित्त्याकडे. यांच्या तोंडून आवाज निघाला तो गोंदियाच्या छोट्या गाडीच्या शिटीसारखा, आणि मग एकदम बंद. हे मट्कन खाली बसले. हनुवटी हलून राह्यली होती.

आता पाहा, हा माणूस माझ्यावर ओरडला असता, तर मी परत ओरडली असती. त्याची मी तयारीच करून ठेवली होती. वर्षभराचं साचलेलं, मच्छरदाणीपासून सुरुवात करणार होती! पण हे नुसतेच पाहत बसले. "माय वं, काय केलं मी हे!" म्हणत मी पदर ओढला, त्याचा बोळा केला आणि चित्रावर दाबायला लागली. इथं दाब, तिथं दाब.

"घासू नको!" हे रडक्या आवाजात म्हणाले. "दाब फक्त... आता उचल... उचल ना!"

मी पदर उचलला. आणि हे पुढे सरकले. चष्मा कपाळावर घेतला. परत डोळ्यांवर घेतला.

"कमल," हे हळूच म्हणाले, "ढग."

"कुठं?" मी वर पाहिलं. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

"इथं वं! चित्रात! तू पदर उचलला तिथं ढग निघाला!"

पाहते तर खरंच! जिथं जिथं पदर टेकला होता, तिथला निळा रंग निघून आला होता, आणि पांढरा, मऊ, कापूस पिंजल्यासारखा ढग उभा होता. "मले आभाळच येत नव्हतं," हे घाईघाईने सांगायला लागले. "सारवलेल्या भिंतीसारखं सपाट दिसे. किती कागद फाडले मी! आन् तू एका पदरात... थांब, वाळन ते! इकडे एक काढ, शेपटीच्या मागं! लहान काढ. हौ, हौ, अस्सा! आता एक मोठा!"

मी काढला. मग आणखी एक काढला. खरं सांगू? मजा येऊन राह्यली होती! आत्याबाई ताट धरून उभ्या. "अरे, आरती राह्यली ना!" त्या म्हणाल्या.

"आई, थांब," आम्ही दोघं एकदम म्हटलं, "ढग वाळून राह्यले!"

विमान थोडं पुसलं होतं, पण त्यामुळे ते भर वेगात जाऊन राह्यल्यासारखं दिसायला लागलं. नाक तेवढं कायमचं लाल राहिलं. माझं नवं लुगडं निळं झालं. चित्र परत फ्रेममध्ये गेलं, फ्रेम परत भिंतीवर गेली, आणि यांनी बारीक ब्रश घेऊन काच लावायच्या आधी खालच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: "विमान: केशव. ढग: सौ. कमल."

माझं नाव! बैठकीत! दाराच्या बरोबर समोर!

दसऱ्याच्या संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले. मी दाराशीच उभी. पहिल्यांदा लता आली. चप्पल काढायच्या आधी थांबली. "अगबाई, भाऊजी! काय विमान काढलं!"

"आन् बाकीचं?" मी म्हटलं.

"नाक काहून लाल केलं वं?"

मी तिला आत बसवलं. मग यांच्या कचेरीतले लोक आले. विमान, विमान, विमान! कोणी पंख मोजतो, कोणी बाँब शोधतो. शेवटी शुक्लाइन भाभी आल्या. मी त्यांचा हात धरून त्यांना भिंतीजवळच नेलं. "भाभी, ठीक से देखिए. विमान के पीछे क्या है?"

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "पीछे? पीछे तो खाली है, भाभी."

खाली!

पुढच्याच महिन्यात यांनी आपण होऊन माझ्या फोटोचं माप घेतलं. मी म्हटलं, राहू द्या. फोटोत काय, दोन माणसं उभी आहेत, त्यात कला कुठं आहे? फोटो अजून पेटीतच आहे. चित्र अजून भिंतीवर आहे, आणि पाहुणा आला की मीच त्याला समोर बसवते. सगळे म्हणतात, सुंदर आहे. आहेच मुळी! फक्त मधात ते विमान काढून यांनी माझे ढग खराब केले.