डावीकडून दुसरा

काय सांगू आणि कोणत्या तोंडानं सांगू! आयुष्यात मी कुणाचं ऐकून घेतलं नाही. रेशनच्या दुकानदाराचं नाही, मंडळाच्या सेक्रेटरीचं नाही, सासूचं तर नाहीच नाही. अशा माझी एका फोटोनं जी काय शोभा केली म्हणता! चहा घेता घेता ऐका. फक्त घोट गिळून मग हसा.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्ही मुलुंडला राहायचो, चाळीत, तळमजल्यावर. मी, आमचे हे, आणि ह्यांचं मौन. हे मोठ्या लढाईतले शिपाई. तरुणपणी पलटणीबरोबर बोटीतून पार इटलीला जाऊन आलेले. पुढे मुंबईत एका कारखान्यावर वॉचमन. बोलणं एवढंच, "हं." जेवण झालं का? हं. अहो, स्टोव्ह भडकलाय! हं.

त्या वर्षी आमच्या गाववाल्यांच्या मंडळानं पंधरा ऑगस्टला, परदेशात लढून आलेल्या म्हाताऱ्या सैनिकांचा सत्कार ठरवला. यादी लागली. ह्यांचं नाव नाही! मी पदर खोचून मंडळाच्या हॉलवर, सेक्रेटरीसमोर.

"मावशी, रागावू नका ना. काकांच्या डिस्चार्जच्या कागदावरच लिहिलंय. भारताबाहेर सेवा, नाही. मेडल, नाही."

"मग इटलीला काय माझा सासरा गेला होता?"

"मला काय माहीत? कागद म्हणतो, काका अख्खी लढाई इथंच गोदामावर होते."

"बटाटे सोलत!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळा हॉल हसला.

हे माझ्यामागेच उभे होते. परत येताना डोक्यावरची काळी टोपी काढून त्यांनी खिशात घातली. खास सत्कारासाठी इस्त्री करून घेतलेली टोपी. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना उघड्या डोक्यानं रस्त्यावर चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

झालं! ती टोपी पुन्हा डोक्यावर चढवल्याशिवाय गप्प बसेन तर मी कसली?

माझं शिक्षण चौथी. इंग्रजी शिकले ती वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून आणि रद्दीतून आणलेल्या डिक्शनरीवरून. पण पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला मी अशी पत्रं लिहिली, अशी लिहिली, की टपालपेटीला चटके बसले असतील. सहाव्या पत्राला उत्तर आलं. ह्यांच्या सर्व्हिसच्या कागदांतलं एखादं पान गहाळ झालेलं असू शकतं. परदेशी सेवेचा पुरावा पाठवा, आणि बरोबरच्या एका सैनिकाचा जबाब पाठवा.

पुरावा? पुरावा माझ्या भिंतीवर लटकत होता!

इटलीतला फोटो. पडक्या घंटाघरापुढे पाच जवान उभे. चौघं उन्हानं डोळे बारीक केलेले. आणि डावीकडून दुसरा? अहाहा! टोपी तिरकी, मिशी भरघोस, आणि हसतोय असा की आत्ता फोटोतून खाली उतरेल. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांच्या ट्रंकेत मला तो सापडला. मी बोट ठेवून म्हटलं, "अगोबाई, हे तुम्ही!"

ह्यांनी फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाले, "हं."

तेव्हापासून तो फ्रेममध्ये. दसऱ्याला झेंडूचा हार, दिवाळीला गंध. शेजारणी म्हणायच्या, "अगं, जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये गं." मी म्हणायची, मी असलं काही मानत नाही.

एक मात्र विचित्र होतं. वर्षातून एकदा, थंडीतल्या एका ठरावीक संध्याकाळी, हे स्वतः कोरा चहा करून त्या फोटोपुढे ठेवायचे. शेजारी एक विडी. पेटवलेली! ह्यांनी जन्मात कधी विडी ओढली नाही. मी आपली हसायची. म्हटलं, बघा, म्हातारा आपल्याच तरुणपणाला चहा पाजतोय.

तुम्हाला कळलं ना? तुम्हाला लगेच कळलं. मला नाही कळलं. मी हुशार ना!

स्टुडिओत नेऊन मी त्या डावीकडच्या दुसऱ्याचा चेहरा मोठा करून घेतला. वकिलाकडे बसून स्टँपपेपर केला. "सदर फोटोतील इसम माझे पती असून मी त्यांना शपथेवर ओळखते." 'शपथेवर'खाली दोन रेघा मारल्या. रजिस्टर्ड पोस्टानं पाठवून दिलं. ह्यांना विचारायची काय गरज? विचारलं असतं तर काय म्हणाले असते? हं!

आता राहिला जबाब. चौकशी करता करता कळलं, ह्यांच्याच तुकडीतले एक बापू हवालदार नाहूरला मुलाकडे राहतात. थंडीतली दुपार होती. फ्रेम पिशवीत घातली आणि मी एकटी चालत गेले.

बापू खाटेवर. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात भिंग. सुनेनं मला पाटावर बसवलं. मी ह्यांचं नाव सांगितलं नाही, आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि फोटो हातात असताना घ्यायचं कशाला? मी सरळ फ्रेम पुढे केली.

"बापू, ह्यात माझे यजमान आहेत. ओळखा बरं."

"खयचो गो?"

"हे काय, डावीकडून दुसरे."

बापूंनी भिंग चेहऱ्यावर धरलं. जवळ नेलं, लांब नेलं, परत जवळ आणलं.

"ह्यो तुझो घोव?"

"हो तर!"

"लगीन कधी झाला तुमचा?"

"लढाई संपल्यावर. हे परत आले आणि लगेच झालं."

बापूंनी भिंग खाली ठेवलं. "बाय, ह्येका मिया माज्या हातान मातयेत पुरलंय. इटलीत. थंडीत. माती इतकी कडक की कुदळ लागत नव्हती."

मी म्हटलं, "काहीतरीच काय! सकाळी पेज पिऊन बसलेत घरी!"

"कोण बसलोहा?"

"हेच!"

"रोज असता?"

"आता नवरा म्हटल्यावर रोज नाही तर काय गुरुवारी असणार?"

बापू भिंतीला सरकले आणि रामरक्षा म्हणायला लागले. सून आतून मीठ-मोहऱ्या घेऊन आली. मला वाटलं, सासऱ्याची दृष्ट काढतेय. तर बाई माझ्यावरून ओवाळायला लागली! "काकी, मागे वळून बघू नका हां. सरळ जा." आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

रस्त्यावर आले ती तणतणत. म्हातारा भ्रमिष्ट झालाय, दुसरं काय. मी असलं काही मानत नाही. ठणकावून सांगितलं स्वतःला. पण नाहूरचा रस्ता संपेपर्यंत डोकं आपोआप हिशेब करायला लागलं ना!

ह्यांच्या चालण्याचा आवाज येत नाही. कधीच येत नाही. आपण पोळी उलटावी आणि हे मागे उभे!

कुत्री ह्यांच्यावर भुंकत नाहीत. गप्प बसतात.

आणि भुताला म्हणे अळणी लागतं. अरे देवा! तीन महिन्यांपासून हे बिनमिठाचं जेवतायत! ब्लडप्रेशरसाठी डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण अशा वेळी डॉक्टर आठवतो का?

फोटोला हार घातले मी. इतकी वर्षं. मेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसे. मीच!

घरी पोचले तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. दार उघडं. आत दिवा नाही. भिंतीवर फोटो होता तिथं एक फिकट चौकोन दिसत होता. त्या रिकाम्या चौकोनाखाली कोऱ्या चहाचा कप, वाफ येत असलेला. आणि विडीचं लाल टोक अंधारात हळूहळू जळत होतं.

खुर्चीत हे. न हलता.

"खंय गेल्लंस?" अंधारातून आवाज आला.

सांगते, दुसरी असती तर उंबऱ्यावरूनच पळाली असती. पण मी कोण? मी पळणारी नव्हे. मी सरळ खाली बसले आणि ह्यांचे दोन्ही पाय धरले. पायांना मोजे! बोटं पुढे आहेत की मागे, काय कळणार? खेचले मोजे.

"काय गो? काय झाला?"

"गप्प बसा! पाय दाखवा!"

पाय सरळ होते. पण तेवढ्यानं माझं समाधान कसलं होतंय! मुठीत मीठ घेऊन आले आणि म्हटलं, "खा."

"डाक्टरान नको सांगल्यान."

"खा म्हणते ना!"

खाल्लं बिचाऱ्यानं. ठसका लागला. शेवटी मीच दिवा लावला, पिशवीतली फ्रेम ह्यांच्या मांडीवर आपटली आणि ओरडले, "हा कोण?"

ह्यांनी डावीकडच्या दुसऱ्यावरून अंगठा फिरवला. काचेवरची धूळ पुसावी तसा.

"महादेव. माजो जोडीदार. आजच्याच दिवशी गेलो." मग थोडं थांबून, "चाय आणि इडी, आणखी काय लागत नसा तेका."

"मग तुम्ही कुठे आहात ह्यात?"

ह्यांनी फोटोच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. तिथं जमिनीवर एक लांब सावली पडलेली होती. पाठीवर ऊन घेऊन उभ्या असलेल्या माणसाची. कोपरं बाहेर काढलेली. इतकी वर्षं रोज पुसली होती मी ती काच, आणि ती सावली मला कधी दिसली नव्हती.

"सायबाचो क्यामेरो होतो. फोटो मिया काढलंय."

"अहो, मग मला सांगायचं नाही?"

"तू इचारलंस खंय? तू सांगलंस." आणि मान खाली घालून म्हणाले, "तुका तो इतको आवडल्लो, मगे म्हटलंय, ऱ्हवांदे."

लग्नानंतर वर्षभरात ह्यांनी मिशी का वाढवली होती, ते मला त्या संध्याकाळी समजलं. मी उठून फ्रेम परत भिंतीवर लावली.

दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन नाहूरला गेले. बापूंनी आधी दाराच्या फटीतून ह्यांचे पाय बघितले, मग दार उघडलं, मग दोघं म्हातारे एकमेकांना धरून असे रडले की सूनही रडली. बापूंनी ह्यांच्यासाठी पानभर जबाब लिहून दिला. पण आम्ही निघताना म्हणाले, "बाय, एक चूक झाली. काल तू गेल्यार मिया रेकॉर्ड हापिसाक पत्र धाडलंय."

आणि आलं की हो उत्तर त्या पत्राचं! मला आलं. डिक्शनरी घेऊन दोनदा वाचलं. आपण शपथेवर ओळखलेला इसम युद्धात परदेशी मृत्यू पावला आहे. कार्यालयास खेद आहे. तरी सध्या आपल्या घरी पती म्हणून राहत असलेली व्यक्ती कोण, याचा लेखी खुलासा करावा.

ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "हं."

त्या खुलाशाला दीड वर्ष गेलं. मी नवीन स्टँपपेपर केला, जुनी शपथ मागे घेतली, सावलीचाही मोठा फोटो काढून पाठवला. आणि एके दिवशी दुरुस्त झालेला कागद आला. भारताबाहेर सेवा, इटली. मेडलं, मंजूर! ती घ्यायला शहरातल्या सैनिकांच्या कचेरीत बोलावलं. ह्यांनी काळी टोपी घातली. आरशात बघून घातली! मी जरीचं लुगडं नेसले.

साहेब भला माणूस. मेडलांची डबी पुढे ठेवली, ह्यांना उभं राहून सलाम केला. मग फाईल उघडली. "फक्त एक औपचारिकता. हेच ते सैनिक, अशी ओळख पटवून सही करायला जवळचं माणूस हवंय."

मी पदर सावरून पेन उचललं. "द्या इकडे. मी बायको आहे त्यांची."

साहेबांनी फाईलमधल्या लाल शाईच्या शेऱ्यावर बोट ठेवलं, खाली बघत हसू दाबलं, आणि फॉर्म हळूच माझ्या हाताखालून ओढून घेतला.

"माफ करा आजी. इथं लिहिलंय, ओळख पटवण्यासाठी कोणीही चालेल. पत्नी सोडून."