ज्वारीच्या शेतातली फीत

खून, दरोडे, दंगली यांच्या तारखा आता माझ्या डोक्यातून गेल्या. पण एका साध्या घरफोडीची आठवण अजून ताजी आहे. सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध होता. वाशीम तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, अकोल्यात मोडत असे, आणि मी मंगरूळपीरला ठाणेदार होतो.

जवळच्या एका गावातल्या बौद्ध कुटुंबाच्या घरून टेपरेकॉर्डर चोरीला गेला. जुन्या धाटणीचा, मोठ्या चकत्यांवर फीत गुंडाळलेला. घरचा मुलगा अनसिंगच्या पोस्टात कारकून; त्याने तो नागपूरहून जुना विकत आणला होता. सगळे लग्नाला गेले आणि मागे कुलूप तुटलं. हवालदाराने रीतसर फिर्याद लिहिली: मशीन एक, रंग करडा. ती वाचून दाखवल्यावर मुलाची आई म्हणाली, "मशीन नेली त नेली साहेब. त्यातली फीत तेवढी आणून द्या. याच्या बापाचा आवाज हाय तिच्यात."

नवरा वर्षापूर्वी वारला होता. गावच्या गायन पार्टीत गायचा. मी विचारलं, "गाणी आहेत का तिच्यात?"

"गाणे हायेत. पण मले गाण्याचं काय करा लागते? उभ्या जन्मात त्यायनं मले नावानं हाक नाई मारली. 'आयकलं का वं' एवढंच. मशीन आली तवा पोट्ट्यायनं धरून बसवलं, उखाणा घ्याले लावला. तेवढं एक डाव नाव घेतलं."

फिर्यादीत फितीचा उल्लेखच नव्हता. तो मी घालायला लावला. पण खरं सांगतो, मलाही तो म्हातारीचा हट्टच वाटला होता. शोध आम्ही मशीनचा घेत होतो.

आठवड्याभरात स्टँडवरच्या चहावाल्याने खबर आणली. शेतराखण करणारा एक माणूस रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात 'गाण्याची मशीन घेता काय' असं विचारून गेला होता. त्याला ठाण्यात आणलं. दोन तास गडी 'मले काय मालूम' याच्या पुढे सरकेना. माझा अनुभव असा, की मारून कबुली मिळते, माल मिळत नाही. मी चहा मागवला आणि पीकपाण्याचं विचारलं. त्याची कळी खुलली. ज्वारी कशी भरली, हुरडा कधी धरेल, सगळं सांगू लागला. बोलता बोलता म्हणाला, "औंदा पाखरायचा तरास नाई साहेब. फीत बांधली ना."

"कायची फीत?" मी विचारलं.

त्याने कप खाली ठेवला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. पुढचं सगळं त्यानेच सांगितलं. मशीन जुन्या कडब्याच्या गंजीत होती. फीत काही कामाची नाही म्हणून त्याने ती उलगडली आणि शेतभर काठ्या रोवून बांधली. "वाऱ्यानं गुणगुणते साहेब, पाखरू बसत नाई."

सकाळी पंच घेऊन शेतात गेलो. कणसांच्या वर काळी फीत उन्हात चकाकत होती. माझा शिपाई ती ओढायला गेला तसा पोस्टातला मुलगा आडवा आला. फीत ताणली की आवाज गेला, म्हणाला. गाठी आरोपीने मारलेल्या, त्यालाच सुटत होत्या. त्याची बेडी काढून त्यालाच कामाला लावलं. तो सोडत गेला, मुलगा चकतीवर गुंडाळत गेला. तेवढ्यात शेतमालक येऊन उभा. "फीत नेता त न्या, पण पाखरं कोण हाकलंन? तुमी?" त्याचंही बरोबर होतं. एका शिपायाला संध्याकाळपर्यंत डबा वाजवायला ठेवलं आणि स्टेशन डायरीत 'बंदोबस्त' अशी नोंद केली.

नियमाप्रमाणे मुद्देमाल लाखेने सीलबंद करून मालखान्यात जायचा. खबरीतल्या त्या दुरुस्तीच्या दुकानाच्या रेडिओवाल्याने मला वेळीच अडवलं. "तुमच्या मालखान्यात जप्तीचे भोंगे पडले हायेत साहेब. त्यायच्यात लोहचुंबक रायते. फीत त्यायच्याजवळ ठेवसान त कोरी होईन." म्हणजे चोराच्या हातून वाचलेला आवाज आम्हीच पुसला असता. कोर्टातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे घरच्यांच्या ताब्यात द्यायच्या हुकुमावर, सुटेपर्यंत मी ती माझ्या टेबलाच्या लाकडी खणात ठेवली.

सुटल्यावर रेडिओवाल्याने मऊ कापडाने ती इंच इंच पुसली, तुटलेले तुकडे जोडले. वरचा थर सुटत होता. "एकच डाव वाजंन, मंग भरोसा नाई," तो म्हणाला. म्हणून त्याच वेळी कॅसेटवर उतरवून घ्यायचं ठरलं. जोडायला वायर नव्हती, तेव्हा कॅसेटची मशीन समोर ठेवली आणि कोणी खोकायचं नाही असं बजावलं. भर दुपारी त्या दुकानात आम्ही श्वास रोखून बसलो.

गाणी तुटक आली. एक कडवं होतं, दुसरं नाही. बाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. मग पोरांचा हशा आला. उखाण्याची सुरुवात हरवलेल्या तुकड्याबरोबर गेली होती. राहिलं होतं फक्त नाव. जाड, लाजरा आवाज, आणि तिचं नाव.

"ओ," बाई म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. रेडिओवाला कानात कुजबुजला, "मावशीचा आवाज बी भरला साहेब. पुन्हा घेऊन पाहू काय?"

"राहू दे," मुलगा म्हणाला. मग रेडिओवाल्याने कॅसेटच्या पाठीवरचे दोन बारीक तुकडे तोडून टाकले, म्हणजे त्यावर पुन्हा कोणाला काही भरता येऊ नये.

त्यानंतर फिर्याद घेताना मी मालाची यादी आधी कधी केली नाही. आधी विचारायचो, यातलं काय परत मिळालं नाही तर तुमचं चालणार नाही? उत्तर बहुधा यादीत नसलेलंच असायचं.