कचरापेटीतली नोंद

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? बहुतेक तुम्ही तिला ओळखत नाही म्हणून.

वंदना खालापूरची, मी कर्जतची. दोघी पीएचडीला. तिचा विषय माथेरानचे घोडेवाले, माझा तिथल्या हॉटेलांत राबणारी माणसं. संदर्भ सांभाळायचं एक सॉफ्टवेअर असतं — पुस्तकं, लेख, अहवाल त्यात नोंदवून ठेवायचे, मग प्रबंध लिहिताना बटण दाबलं की तळटीप आपोआप बसते. आमचा संग्रह सामायिक होता. एकीने टाकलं की दुसरीला दिसायचं, आणि कुणी टाकलं तेही.

माझी एक खोड होती. कुणाच्या तोंडून एखाद्या अहवालाचं नाव ऐकलं की मी आधी नोंद टाकून मोकळी. साल अंदाजाने, पान अंदाजाने — खरा कागद मिळाला की करू दुरुस्त! घोड्यांच्या परवान्यांवरच्या एका जुन्या अहवालाचं असंच झालं. एका हॉटेलच्या म्हाताऱ्या मॅनेजरने चहा पिता पिता त्याचं नाव घेतलं, मी नोंद केली, वर तो बोलला तेवढं सारांश म्हणून लिहिलं. कागद काही मिळाला नाही. वंदनाने ती नोंद आपल्या प्रबंधात उचलली. का नाही उचलणार? मी टाकली होती ना.

प्रबंध देण्याआधीच्या तिच्या सादरीकरणात बाहेरून आलेल्या सरांनी नेमका तोच अहवाल मागितला. त्यांनी खूप शोधला होता म्हणे, असा अहवालच नाही. वंदनाने वळून माझ्याकडे पाहिलं. मी — मी पर्समध्ये पेन शोधत बसले. "घरी संग्रहात बघून सांगते सर," ती म्हणाली.

इथवर नुसता भित्रेपणा. तेवढ्यावर थांबले असते तर आज हे सांगत बसले असते का? ती घरी पोचायच्या आत, कॉलेजच्या जिन्यात बसून, मी ती नोंद काढून टाकली.

संध्याकाळी तिचा फोन आला. "अगं, ती नोंदच नाय तिथं! मला तर वाटलं तू टाकलेलीस... माझ्या डोक्याला काय झालंय का गं?"

"दमलीयस तू," मी म्हटलं. "होतं असं."

होतं असं! जीभ कशी झडली नाही माझी? खोटा संदर्भ रचला म्हणून तिच्या मार्गदर्शकांनी सही नाकारली. तिने प्रबंध सोडला. आता घरी शिकवण्या घेते. पण मला खातं ते वेगळंच. तिचा स्वतःवरचा भरवसा गेला. गॅस बंद केला का, मीठ घातलं का — नवऱ्याला विचारत राहते, "अवो, मी आत्ता केलं ना?"

काढलेली नोंद सॉफ्टवेअरच्या कचरापेटीत जाते, आपण रिकामी करेपर्यंत तिथेच राहते. मी ती रिकामी केलेली नाही. उघडते, बघते — साल, पान, खाली माझं नाव — आणि बंद करते. वंदनाला तिथे बघायचं कधी सुचलं नाही.

परवा तिच्याकडे गेले होते. बाजारात निघालो. दाराला कुलूप घालून ती दोन पावलं चालली, थबकली.

"लावलं ना गं मी? तू बघितलंस ना?"

"लावलंस," मी म्हटलं.

ती लगेच चालू लागली. मी सांगितलं म्हणून.