हातोडा कुणाला दिला?

मंडळी, आज दुपारी इथं भोरमध्येच शेजारच्या रशीदचाचांना बघायला गेलो. जन्मभर लोहारकाम केलेला माणूस. डॉक्टरांनी हात टेकलेत आणि ते चाचांनाही ठाऊक आहे.

माझ्या हातात कॉमिक्स होतं. युरोपातल्या बर्फाळ मुलखातला हातोडेवाला देव. सापाशी लढताना आपण मरणार, हे भाकीत त्याला आधीच माहीत असतं.

चाचांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. "हातोडा असा धरत्यात व्हय? मनगट जाईल की!"

मग मी त्यांना भाकिताची गोष्ट सांगितली.

"मरनार म्हाईत हाय, तर हातोडा कुनाला दिला त्यानं?"

चाचांच्या मागे भट्टी पेटवणारं कुणी नाही.

पुढचा अंक माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणी वाचलाय? उद्या परत जायचंय. कुणालाच दिला नसेल, तर चाचांना काय सांगू?