साहेबांच्या ओट्यावरची शपथ

आमचे साहेब न्यायाधीश झाले तेव्हा कर्जतच्या बाजारपेठेतून उघड्या जीपमधून त्यांची मिरवणूक निघाली. न्यायाधीशाने असं मिरवून घ्यायचं नसतं, एवढं तरी त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. पण सांगणार कोण? जीपमध्ये त्यांच्या मागे हारांचा ढीग सांभाळत मीच बसलो होतो. तालुका सगळा दुष्काळी कामावर खडी फोडत होता, आणि इथे लेझीम चालू होतं.

मी त्यांचा ज्युनियर. सनद नवी, अंगावरचा काळा कोट त्यांनीच वापरून दिलेला. ते पंचायत समितीचे सभापती होते आणि उरल्या वेळात वकील. सभापती म्हणून त्यांनी काय केलं, असं मला विचाराल तर त्यांनी नारळ फोडले. पाझर तलावाला नारळ, शाळेच्या खोलीला नारळ. एका पुलाला तर दोनदा, कारण पहिल्या वेळी फोटोवाला आला नव्हता. तो पूल मी असेपर्यंत काही झाला नाही. भाषणात ‘मायबाप जनता’ म्हणताना ते आवाज ओला करायचे, आणि खाली उतरले की मला म्हणायचे, “पाणी दे रे हातावर. लई जणांनी धरलाय.”

मी पाणी द्यायचो. हसायचोसुद्धा.

त्यांची खरी सत्ता पंचायत समितीत नव्हती, घराच्या ओट्यावर होती. बाजारच्या दिवशी खेड्यापाड्यातून भांडणारी माणसं तिथे यायची. बांध, विहीर, भाऊवाटणी, मोडलेलं लग्न. साहेब दोन्ही बाजू ऐकून निवाडा द्यायचे आणि मग शपथ घ्यायला लावायचे. ओट्यावर पितळेचं एक तबक असायचं. त्यात बेलाची पानं आणि खंडोबाचा भंडारा, आणि शेजारी दर्ग्यावरून आणलेल्या हिरव्या चादरीचा तुकडा. मुसलमान पक्षकार आला की त्याने त्या चादरीवर हात ठेवायचा. दोन्ही दैवतं त्यांनी एका तबकात बसवली होती, मतदारसंघ बसवावा तशी. आणि ओट्याचा नियम एकच होता: इथे शपथ घेतली की कोर्टाची पायरी चढायची नाही. चढला तो शपथ मोडणारा. गावात त्याला मग कुणी उभं करायचं नाही.

बाहेरच्यांना हे हास्यास्पद वाटेल. पण आमच्याकडची माणसं या ओट्याला कोर्टापेक्षा मोठं मानायची. कोर्टात वकील खोटं बोलायला शिकवतो, ओट्यावर देव बघत असतो. निवाडा देणाऱ्याकडे कुणी बघत आहे का, हा प्रश्न कुणालाच पडत नव्हता.

सगळे ज्यांना चाचा म्हणायचे ते वयस्कर शेतकरी तिथे पहिल्यांदा आले ते विधानसभेच्या निवडणुकीच्या वर्षभर आधी, हिवाळ्यात. गाव कर्जतपासून जवळच; तिकडे गेलो की मी त्यांच्या घरी पाणी प्यायला थांबायचो. त्यांची लिंबोणीची बाग होती, लहानशी, पण राखलेली. बागेला पाणी शेजारच्या पाटलाच्या विहिरीचं. विहीर दोघांच्या बापांनी मिळून खोदलेली, पण पाटलाच्या रानात, म्हणून सातबाराच्या उताऱ्यावर नाव एकट्या पाटलाचं. चाचांचा हक्क म्हणजे फक्त वहिवाट. आठवड्यातले ठरलेले दिवस पाणी त्यांचं, ही पाळी बापाच्या वेळेपासून चालत आलेली. आता पाटलाने विहिरीवर ऑइल इंजिन बसवलं होतं, आणि चाचांच्या पाळीच्या दिवशीही ते बंद होत नव्हतं. चाचा दावा लावायला आले होते. मी त्यांना आत घेणार, तेवढ्यात साहेबांनी ओट्यावर बसवलं. पाटलालाही निरोप गेला.

पाटलाच्या शब्दावर तीन-चार गावं मत द्यायची. साहेबांना विधानसभेचं तिकीट हवं होतं. हे ओट्यावरच्या सगळ्यांना माहीत होतं, बहुधा चाचा सोडून.

साहेब म्हणाले, “चाचा, कोर्टात कशाला जाता? मी मेलोय का?”

“तसं कसं म्हनीन साहेब. पन झाडं वाळत्यात.”

पाटील म्हणाला, “लिंबं काय पळून चालली का चाचा? उभीच हायत की.” लोक हसले. चाचासुद्धा थोडे हसले, कारण तिथे सगळे हसत होते.

“हे बघा,” साहेबांनी मांडी बदलली, “यंदा पाण्याची ओढ आहे. पाटलांचा ऊस उभा आहे. एक वर्ष तुम्ही पाळी सोडा. पुढच्या होळीला पाळी तुमची, जशी होती तशी. शब्द माझा.”

“येक सालच ना?”

“एकच. आहे की हा साक्षीला.” साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. “आमचे धाकटे वकीलसाहेब.”

पाटलाने बेलभंडार उचलला. चाचांनी चादरीवर हात ठेवला. मी साक्षीला मान हलवली. कायदा मी नुकताच शिकलो होतो. ज्याचा हक्क निव्वळ वहिवाटीवर उभा आहे, त्याने वहिवाट सोडली की त्याच्या हातात काय उरतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. साहेबांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. चाचा जाताना मला म्हणाले, “तुमी हुता म्हनून बरं झालं.”

तिकीट साहेबांना मिळालं नाही. वरच्या कुणाच्या तरी जावयाला मिळालं. साहेब दोन दिवस खोलीतून बाहेर आले नाहीत आणि बाहेर आले ते टोपीशिवाय. म्हणजे चाचांचं पाणी ज्या तिकिटासाठी पाटलाला दिलं, ते तिकीट आलंच नाही. पाणी मात्र गेलं. होळी आली. चाचांनी पाटलाकडे पाळी मागितली. पाटील म्हणाला, पाऊस पडू दे. पाऊस पडलाच नाही. ते बहात्तर साल. चाचा साहेबांकडे आले तर साहेब म्हणाले, “दुष्काळात भांडू नका.” चाचा माघारी गेले. शपथ घेतली होती ना. पहाटे उठून लांबून खांद्यावर कावडीने पाणी आणून ते घराजवळची थोडी झाडं जगवत राहिले.

साहेबांना तिकीट नाकारणाऱ्यांनाच पुढे त्यांची सोय लावावीशी वाटली. दुखावलेला माणूस जिल्ह्यात मोकळा फिरणं बरं नव्हे. वकिलीची वर्षं भरलेली होतीच, वर कुठेतरी शब्द गेला, आणि ज्यांना पुलाचा नारळ पूल होईपर्यंत लक्षात राहिला नाही, ते गृहस्थ दुसऱ्या जिल्ह्यात न्यायासनावर जाऊन बसले. जाण्याआधी घरी आरशासमोर त्यांनी झगा घालून बघितला. “कसा दिसतोय रे?” मी म्हणालो, “शोभतोय साहेब.” शोभत होताच. त्यांना सगळंच शोभायचं.

मिरवणुकीत चाचा आले होते. हार नव्हता. गर्दीतून जीपपाशी येऊन ओरडून म्हणाले, “साहेब, आता तुमी खरंखुरं कोर्ट झालात! आता काय चिंता न्हाई!” साहेबांनी हात जोडले, जसे सगळ्यांना जोडत होते. आणि चाचांनी घरी जाऊन, इतके दिवस केलं नव्हतं ते केलं. दावा लावला. ओट्यावर निवाडा देणारा माणूसच आता जज्ज झाला आहे, तेव्हा कोर्टात गेल्याने शपथ मोडत नाही, असा त्यांनी हिशेब केला. आमच्या भागातल्या भल्या माणसालाच सुचावा असा हिशेब.

पाटलाच्या वकिलाने एकच मुद्दा धरला: वादीने राजीखुशीने, देवाची शपथ घेऊन पाळी सोडली, वहिवाट मोडली. चाचांचं म्हणणं, एका वर्षापुरती सोडली होती. हे ऐकणारे ओट्यावरचे बाकी लोक पाटलाच्या शब्दाबाहेर न जाणारे. उरलो साहेब आणि मी. चाचांच्या वकिलाने माझं नाव साक्षीदारांत घातलं.

मी एसटीने साहेबांच्या नव्या गावी गेलो. व्हरांड्यात बराच वेळ बसवलं. एके काळी ‘ये रे’ म्हणणारा माणूस मला ‘आपण’ म्हणाला.

“आपण कशासाठी आलात?”

मी सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. न्यायासनावर बसून ही एक नवी सवय लागली होती.

“पक्षकार वकिलाजवळ जे बोलतो ते वकिलाने बाहेर बोलायचं नसतं. आपल्याला कायदा मी शिकवायचा?”

“पण साहेब, चाचाच म्हणतात सांगा. गुपित त्यांचं आहे. त्यांनीच मोकळं केलं तर...”

“आणि ओटा म्हणजे काय कोर्ट होतं का? चार माणसं बसली, चहा झाला. त्याचं काय एवढं.”

गुपितही होतं आणि काही घडलंही नव्हतं. एका दमात दोन्ही. इतका निर्लज्ज युक्तिवाद मी पुढे वकिलीच्या सगळ्या वर्षांत ऐकला नाही. उठताना ते म्हणाले, “सहायक सरकारी वकिलाच्या जागेसाठी आपलं नाव विचारात आहे असं ऐकतो. आपली स्मरणशक्ती जरा जपून वापरा.”

मी नमस्कार केला. वाकून.

साक्षीच्या दिवशी कोर्टात गर्दी नव्हती. चाचा बाकावर, शेजारी त्यांची सून. चाचांच्या वकिलाने विचारलं, “पाळी एका वर्षापुरतीच सोडायची, असं आपल्यासमोर ठरलं होतं ना?”

“मला आठवत नाही,” मी म्हणालो.

“सभापतींनी ‘शब्द माझा’ असं म्हटलं होतं?”

“मला आठवत नाही.”

नाही म्हणालो असतो तर ते निदान सरळ खोटं झालं असतं. मी साहेबांचा ज्युनियर. त्यांच्याकडूनच शिकलो होतो की सापडेल असं खोटं बोलायचं नाही.

बाहेर कडुनिंबाखाली सुनेने मला गाठलं. “वकीलसाहेब, आमच्या घरी येऊन किती डाव पानी प्यालात, त्ये तरी ध्यानात हाय का?”

“गप गं,” चाचा म्हणाले. तिच्यावर रागावले नव्हते, थकले होते.

दावा फेटाळला गेला. मला जागा मिळाली. साहेब पुढे चढत गेले, निःस्पृह न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या सत्कारात मी दोन शब्द बोललो आणि त्या दोन शब्दांतही ‘निःस्पृह’ होताच. हे सगळं मी आजवर घरातही कुणाला सांगितलेलं नाही. साहेबांबद्दल मला घृणा वाटते, हे म्हणायला मला पन्नाशी यावी लागली. आणि म्हणताना दिसतं की त्यांनी निदान काहीतरी मोठं मागितलं होतं. मी एका सरकारी खुर्चीवर भागवलं.

निकालानंतर काही दिवसांनी मी चाचांच्या घरी गेलो होतो. का गेलो, नीट सांगता येत नाही. म्हणालो, “चाचा, नगरला अपील करू. मी सगळं बघतो, तुमच्याकडून काही नको.”

त्यांनी मला पाणी दिलं. मग शांतपणे विचारलं, “अपिलात तुमी काय सांगनार?”

मी तांब्या खाली ठेवला. त्यांनी तो उचलून आत नेऊन ठेवला. मग बागेकडे गेले. अपिलाची मुदत संपायच्या आधीच त्यांनी लिंबोणी तोडायला माणसं लावली.