शिरीषच्या खिडकीतले दिवे

शिरीष गेल्याचं मला त्याची बायको मेधा हिने नाही, तिच्या शेजाऱ्याने सांगितलं. उइटहॉर्न गावातल्या माझ्या घरी मी सकाळचा चहा गाळत होतो आणि फोनवर हेन्क नावाचा तो शेतकरी मला समजेल अशा सावकाश डचमध्ये बोलत होता... "झोपेतच गेला. मेधाजवळ माझी बायको बसली आहे. तुम्ही गाडी बेताने चालवा." मी गाळणं हातात धरून तसाच उभा राहिलो.

पुण्यात शिरीषने नि मी एका बाकावर बसून इंजिनिअरिंग केलं, इकडे डच मुलखात आलो तेही पाठोपाठ. घरंसुद्धा एकाच गल्लीत. आणि हा पठ्ठ्या चांगली आयटीतली नोकरी सोडून निघाला कुठे, तर पार उत्तरेकडच्या द्रेन्थ प्रांतात, तिथल्या गेमेंतेत, म्हणजे नगरपालिकेत, नकाशे करायला! मी भयंकर चिडलो होतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा बसमध्ये ड्रायव्हर आणि मी, दोघंच. रेघ मारल्यासारखा सरळ कालवा, त्याच्या कडेने लांब लांब घरं, मागे बीट नि बटाट्याची शेतं थेट आभाळाला टेकलेली. नजर अडायला एक टेकाड नाही. "मुलूख तालुक्याएवढा आणि माणसं सोसायटीच्या गणपतीला जमतात तेवढी," शिरीष कौतुकाने सांगत होता. तरुण पोरं शहरात निघून जातात, एकेक घर बंद पडतं, याचं त्याला घरच्यासारखं वाईट वाटायचं. मी म्हटलं, "अरे बाबा, उद्या तुला काही झालं तर खांदा द्यायला चौघं तरी मिळतील का इथे?"

"शुभ बोल रे नाऱ्या!" मेधा आतून ओरडली.

तो मात्र हसत उठला. "चल, तुला माणसं दाखवतो."

दाखवलं काय, तर दिवे! संध्याकाळ झाली की स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहायचं, ही त्याची रोजची सवय. तिकडे पडदे कोणी ओढत नाही. शेतांपलीकडे एकेक दिवा लागला की हा नाव घ्यायचा. "हा हेन्क, गाईंचं आटोपलं वाटतं. ती पलीकडची मिन्ये आजी, एकटीच असते." एखादा दिवा लागला नाही तर स्वारी सायकल काढून बघून यायची. मी म्हणायचो, "दिवेलागण झाली, आता शुभंकरोति म्हण." तर लेकाचा खरंच हात जोडून म्हणायचा... फार गोड माणूस होता हो.

अंत्यविधीच्या दिवशी लायडनच्या, आइंडहोवनच्या मित्रांना मी बजावलं होतं, खांदा द्यायला वेळेवर या. पोहोचलो तर अंगणात काळे कोट घातलेली शेजारची माणसं वाऱ्यात उघड्या डोक्याने रांगेत उभी. हेन्क म्हणाला, "आमच्याकडे शेजाऱ्याला शेजारीच उचलतात. तुम्ही पाहुणे."

पाहुणा? मी? डोकंच फिरलं माझं. "याला मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून ओळखतो मी!" मी चक्क मराठीत ओरडलो. हेन्कला काय कळलं देव जाणे. डोळे त्याचेही भरलेले होते. तो पुढच्या जागेवरून बाजूला झाला आणि त्याने मला तिथे उभं केलं. मग शवपेटीवर हात ठेवून गाडीपर्यंत शेजारून चालत आला.

गेल्या आठवड्यात मी मेधाला न्यायलाच गेलो होतो. आमच्या गल्लीत जागा रिकामी झाली आहे, मराठी माणसं आहेत, या ओसाडीत एकटी राहून करणार काय तू, असं सगळं सांगत होतो. ती शिरीषच्या जागी, खिडकीशी उभी होती. ऐकत होती की नाही, कोण जाणे.

"मिन्ये आजीचा दिवा लागला नाही अजून," ती एकदम म्हणाली. "आलेच हं मी." कोट चढवला, सायकल काढली आणि गेली.

मी तिथेच बसून राहिलो. बाहेर अंधारून आलं. बऱ्याच वेळाने शेतापलीकडे आजीच्या घरात उजेड दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मागचं दार वाजलं. दारात हेन्क, गमबूट चिखलाने भरलेले, धापा टाकत.

"सगळं ठीक आहे ना?" त्याने विचारलं. "इथला दिवा लागला नाही, म्हणून आलो."

मी उठलो आणि दिवा लावला. उइटहॉर्नच्या जागेचं मेधाजवळ पुन्हा काढलं नाही.